ठोका आपला, रिंग वस्तूची

जाधव पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी बेल वाजवली नाही आणि हाकही मारली नाही. दाराबाहेर उभं राहून त्यांनी चौकटीवर मधल्या बोटाचं पेर दोनदा आपटलं, मान कलती केली, आणि मी "कोण पाहिजे?" विचारायच्या आत निकाल दिला, "रिंग नाही."

वाशीला राहायला येऊन आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता. सामान अर्धं खोक्यांत, अर्धं पायात. माझ्या हातात कामांची यादी होती आणि त्यात 'समोरच्यांशी ओळख करून घेणे' हे काम बरंच खाली होतं. समोरचे स्वतःच यादीत वर आले. "मी जाधव. समोरच्या दारातला. तुमची चौकट भिंतीला धरलेली नाही, मागे पोकळ आहे. परत देता आली तर द्या."

चौकट परत देता येते हे मला ठाऊक नव्हतं. मी त्यांना चहा दिला. त्यांनी आधी कप वाजवला, मग चहा प्याले.

जाधव तुर्भ्याच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात टूल स्टोअरला होते. मी त्याच कारखान्याच्या टाइम ऑफिसात हजेरी लिहायला, त्यामुळे 'रिंग' हा शब्द कुठून आला ते मला लवकर कळलं. लोखंड घासायचं व्हील असतं, भाकरीएवढं, दगडासारखं, मधे भोक असलेलं. मशीनवर चढलं की ते भयंकर वेगाने फिरतं. आत केसाएवढी भेग असेल तर फुटतं आणि समोर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर येतं. भेग डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ते व्हील भोकातून बोटावर लटकवायचं, स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच ठोकायचं आणि ऐकायचं. धड असेल तर स्वच्छ आवाज निघतो आणि ठोका संपला तरी थोडा वेळ रेंगाळतो. ती रिंग. भेग असेल तर नुसतं 'बद्द' होतं आणि तिथेच संपतं.

एकदा मी म्हटलं, एवढ्यासाठी इंग्रजी शब्द कशाला, खणखणीत म्हणा. जाधवांना ते अजिबात पटलं नाही. खणखणीत म्हणजे मोठा, ते म्हणाले. मोठा आवाज कोणीही काढतं, नाईकसुद्धा काढतो. नाईक म्हणजे आमच्या बरोबर डोक्यावर राहणारे, सोसायटीचे चेअरमन. मग मी 'नाद' सुचवून पाहिला.

"नाद माणसाला लागतो," जाधव म्हणाले. "ठोक्यानंतर जे उरतं ना, ती रिंग. ठोका आपला असतो, सेक्रेटरीबाई. रिंग वस्तूची असते."

सोसायटीची सेक्रेटरी मी दुसऱ्याच महिन्यात झाले होते. ज्याच्या हातात कागद-पेन्सिल दिसते त्याच्या गळ्यात असली कामं पडतात.

हा शब्द कोणी सैल वापरला की जाधव अडवत. गणेशोत्सवात एका मुलीने भावगीत म्हटलं, नाईक मान डोलवत म्हणाले की काय रिंग आहे हो पोरीच्या आवाजाला. जाधव मागच्या खुर्चीवरून पुढे झुकले. ठोकलंय कुठे तिला, त्यांनी विचारलं. ती स्वतःहून वाजतेय. स्वतःहून वाजणाऱ्याबद्दल काही सांगता येत नाही. टाळ्या चालू असताना त्यांनी हे शांतपणे समजावलं, आणि मुलीची आई पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही.

उन्हाळ्यात नाक्यावर बोनकोड्याची एक आगरी मावशी माठ घेऊन बसायची. जाधव दिसले की ती पदर सावरून बसे, जणू वसुलीवालाच आला. ते एकेक माठ उचलून वाजवत, कानाशी नेत, खाली ठेवत. आजूबाजूची गिऱ्हाइकंही मग हातातला माठ खाली ठेवत. एकदा तिचा धीर सुटला.

"दादूस, मटका घेवाचा हाय का निस्ता वाजवाचा हाय? वाजवाचा आसंल तं बँडवाल्याकरं जा."

त्या दिवशी मला एक माठ आवडला होता. माझ्या तिवईवर बरोबर बसेल असा. जाधवांनी वाजवून सांगितलं की बद्द आहे, पंधरा दिवसांत गळेल. मी तोच घेतला, कारण तिवई बदलणं मला परवडणारं नव्हतं. त्या माठाने किती उन्हाळे काढले याची नोंद मी ठेवलेली नाही, पण तिवई मोडली आणि माठ राहिला. जाधव मधूनच विचारत, "आहे अजून?" दूरच्या आजारी नातेवाइकाची चौकशी करावी तसं.

जाधवांच्या बाबतीत हे असं नेहमीच व्हायचं. त्यांनी ज्याला बद्द म्हटलं ते कधी फुटत नसे. पाण्याच्या पंपाचा पाया बद्द. तो हलला नाही. गच्चीचा कठडा बद्द. त्याला टेकून अख्ख्या बिल्डिंगने पतंग उडवले. नाईकांनी हौसेने नवं चिनी मातीचं बेसिन आणलं, ते जिन्यातच जाधवांनी वाजवून नापास केलं. नाईकांनी ईर्ष्येने बसवलं. तेव्हापासून नाईक रोज सकाळी त्या बेसिनवर वाकून असे खाकरत की चारही मजल्यांना कळावं, बेसिन शाबूत आहे.

"जाधवांनी बद्द म्हटलं की समजायचं, गॅरंटी कार्ड मिळालं," असं नाईक मीटिंगमध्ये म्हणत, आणि सगळे हसत. मीही हसले आहे.

सर्वांत मोठं प्रकरण दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्याचं, म्हणजे आमच्याच दारांसमोरच्या चौकाचं. तिथल्या छताला जाधवांनी केरसुणीचा दांडा उलटा धरून ठोकलं आणि सांगितलं की प्लास्टर सुटलंय, पडणार. त्यांनी तो विषय दर मीटिंगला आणला. दर मीटिंगला मी तो कार्यक्रमपत्रिकेत शेवटी टाकला, आणि तिथवर पोहोचेपर्यंत लोक चपला शोधत असत. बिल्डिंगमध्ये गळती होती, पाणी दोन तास येत होतं, खाडीवरून डास येत होते. जे अजून पडलेलं नाही त्याची काळजी करायला कोणाला वेळ होता?

कारखान्यातही तेच. नवीन मॅनेजर आले. त्यांना टूल स्टोअरच्या कोपऱ्यात जाधवांनी नापास केलेल्या व्हीलांची चळत दिसली, आणि खिडकीबाहेर व्हीलसाठी ताटकळणारे कामगार. बनवणारी कंपनी तपासूनच पाठवते, तुम्ही पुन्हा कान लावून काय बसता, असं त्यांनी विचारलं. जाधव म्हणाले की व्हील ट्रकमधून येतात, ट्रक खड्ड्यातून येतात, आणि रिंग घाईत ऐकू येत नाही. हे उत्तर चांगलं होतं, पण मॅनेजरला द्यायचं नव्हतं. महिन्याभरात जाधवांची बदली कॅन्टीनच्या स्टोअरला झाली. तिथे त्यांनी कप वाजवायला घेतले. कॅन्टीनचा कंत्राटदार माझ्याकडे येऊन रडला, की बाई, ह्या माणसाला निदान स्टीलचे ग्लास तरी वाजवू नको म्हणावं.

मग जाधव वाट बघू लागले.

मी हे स्पष्टच लिहिते, कारण बिल्डिंगमध्ये आणि कारखान्यात सगळ्यांना दिसत होतं आणि सगळे त्याची गंमत करत होते. व्हीलं आता, कोपऱ्यातल्या चळतीसकट, न ठोकता सरळ मशीनवर चढत होती. जाधवांना खात्री होती की एक ना एक दिवस एखादं फुटणार. कॅन्टीनमध्ये बसून त्यांचा एक कान कायम शेडकडे लागलेला असे. जेवायला आलेल्या ग्राइंडरवाल्यांना ते विचारत, "काय, ठीक चाललंय?" आणि ठीक चाललंय म्हटल्यावर ताट पुढे सरकवत. वर्षं गेली. एकही व्हील फुटलं नाही. एकदा परतीच्या बसमध्ये मी म्हटलं की चांगलंच झालं ना, कोणाला लागलं नाही. "चांगलंच झालं," जाधव म्हणाले, आणि वाशी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

आपण आयुष्यभर केलेलं काम खरं होतं हे सिद्ध व्हायला कोणाचा तरी डोळा जायला हवा, आणि तो जावा असं तर मनात आणायचं नाही. अशा कात्रीत माणूस सापडला की तो दुसऱ्यांना विनोदीच दिसतो.

जाधववहिनी मात्र त्यांना हसत नसत. त्या त्यांना हसवत. लहानखुऱ्या बाई, चिपळूणकडच्या, बोलता बोलता तांदूळ निवडणाऱ्या. घरात दोघंच. मी बऱ्याच दिवसांनी एक गोष्ट टिपली होती: जाधव जगभर ठोकत फिरत, पण स्वतःच्या घरात कशावरही बोट आपटत नसत. भांडं नाही, भिंत नाही. एकदा मी विचारलंच.

"तो नियम आहे त्यांचा," वहिनी म्हणाल्या. "जे परत द्यायचं नाही ते ठोकून बघायचं नाही. मला बघायला आले तेव्हा आमच्या दाराचा उंबरठा वाजवलान, तांब्या वाजवलान. मी म्हटलं, आता माझा नंबर. तर माझ्याकडे बघितलंनसुद्धा नाही."

"परत द्यायची नव्हती," जाधव पेपरच्या मागून म्हणाले.

होळीनंतर वहिनींना खोकला लागला. आधी त्यांनी तुर्भ्याच्या धुराला नावं ठेवली, मग मसाल्याच्या डब्याला. औषधाच्या बाटल्या आणल्या, काढे झाले. मे महिन्यात त्यांना दोन जिने चढताना मधे बसावं लागायला लागलं, तेव्हा मी त्यांचं नाव, वय, लक्षणं, चालू औषधं असा एक कागद केला, आणि आम्ही तिघं कामगारांच्या हॉस्पिटलात गेलो.

डॉक्टर तरुण होता. त्याने वहिनींना आमच्याकडे तोंड करून स्टुलावर बसवलं, डावा पंजा त्यांच्या पाठीवर सपाट ठेवला, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाने त्यावर ठोकलं. वर ठोकलं, ऐकलं. बोट खाली सरकवलं, ठोकलं, ऐकलं.

मी जाधवांकडे बघितलं. त्यांचा उजवा हात शर्टाच्या बाजूला लोंबत होता आणि मधलं बोट आपोआप वाकलं होतं. त्यांनी तो हात पँटच्या खिशात घातला.

पाठीच्या वरच्या भागात आवाज स्वच्छ येत होता. उजवीकडे खाली डॉक्टरने ठोकलं आणि आवाज तिथल्या तिथे बसला. मलाही कळला. इतकी वर्षं समोरच्या दारात काढल्यावर मला कळणारच होता. डॉक्टरने तिथेच पुन्हा ठोकलं, आणि जाधवांनी मान एकदम दुसरीकडे वळवली.

वहिनींचं लक्ष डॉक्टरकडे नव्हतंच. त्या नवऱ्याचं तोंड बघत होत्या.

"काय हो," त्यांनी विचारलं, "रिंग आहे ना?"

"आहे," जाधव म्हणाले.

"नीट ऐकलंत?"

"शेवटपर्यंत आहे."

ज्या माणसाने मॅनेजरसमोर एक व्हील पास केलं नाही, माठवालीसमोर एक माठ पास केला नाही, त्याने हे पास केलं. डॉक्टर कागदावर काहीतरी लिहीत होता. त्याने वर बघून विचारलं, रिंग म्हणजे काय? वहिनी पदर सावरून स्टुलावरून उतरल्या.

वहिनींना एक्स-रेला नेलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो. जाधव समोरच्या भिंतीकडे बघत होते. मग हलक्या आवाजात म्हणाले, "उजवीकडे, खाली. बद्द आहे."

पाणी झालं असेल, मी म्हटलं, पाणी सुईने काढतात, हल्ली औषधं आहेत. माझ्या तोंडून अशा वेळी अशीच वाक्यं निघतात, कामाची आणि कोरडी. ते ऐकत नव्हते.

"बाई," ते म्हणाले, "नाईकांचं बेसिन आहे ना अजून?"

मला आधी काही उमगलं नाही. मग त्यांच्या तोंडाकडे बघून उमगलं.

"आहे," मी म्हटलं. "आज सकाळीच खाकरले."

"पंपाचा पाया?"

"जसाच्या तसा."

"गच्चीचा कठडा? तुमचा माठ?"

"कठडा आहे. माठ काल भरलाय, गार पाणी आहे."

"आणि व्हील?" हे विचारताना त्यांचा आवाज बदलला. "त्यातलं एखादं फुटलं असेल, आपल्याला कळलं नसेल."

"अपघात झाला की पहिला कागद टाइम ऑफिसात येतो," मी म्हटलं. "एकही नाही फुटलं, जाधव."

"एकही नाही."

"एकही नाही."

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने म्हणाले, "पुन्हा म्हणा." मी पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. यादी म्हणणं मला जमतं. शेवटी त्यांनी विचारलं, "आणि जिन्यातलं प्लास्टर?" ते मी विसरले होते. तेही यादीत घातलं.

इतकी वर्षं हा माणूस आपण बरोबर ठरावं म्हणून झुरत होता. आता त्याला आयुष्यभर चुकीचं असायला हवं होतं, आणि त्याचा पुरावा फक्त आमच्या टवाळीत होता.

वहिनी हॉस्पिटलात राहिल्या. पाणी काढलं, पुन्हा झालं. पाण्यामागे काय आहे ते डॉक्टरने मला वेगळं बोलावून सांगितलं. जाधवांना सांगायची गरज नव्हती. ते रोज सकाळी दार उघडं टाकून मान कलती करून उभे राहत. वर नाईक खाकरले की दार लावून घेत आणि डबा भरायला लागत. नाईकांना हे ठाऊक नव्हतं. त्यांचं खाकरणं इतकं उपयोगी पडेल असं कोणाला वाटलं असतं?

पावसाळ्याच्या मध्यावर, एका शनिवारी सकाळी, जिन्यातलं प्लास्टर पडलं. कोणाला लागलं नाही. दुधाची पिशवी फुटली तेवढीच. मोठा ढपला होता, पाटाएवढा. आवाजाने सगळी बिल्डिंग गोळा झाली आणि लोकांना एकदम उदार व्हावंसं वाटलं. माणूस बरोबर होता हे कबूल करायला आता काही खर्च नव्हता.

"जाधव," नाईक वरून ओरडले, "जिंकलात बुवा. मानलं तुम्हाला. पुढच्या मीटिंगला तुमचा नारळ देऊन सत्कार करू."

लोक हसले. जाधव दारात उभे होते. जमिनीवरच्या तुकड्यांकडे बघत त्यांनी भिंत धरली.

"हिला कोणी सांगू नका," ते म्हणाले.

नाईक म्हणाले, अहो, वहिनींना तर आनंदच होईल. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

मी सोमवारचा गवंडी ठरवला आणि विषय संपवला. दुपारी सगळी बिल्डिंग जेवून आडवी झालेली असताना बाहेर खरवडल्याचा आवाज आला. दार उघडून बघते तर जाधव स्टुलावर उभे, शेजारी घमेलं, हातात कुठून तरी आणलेली थापी. त्यांनी जन्मात थापी धरली नसावी. ते सिमेंटचा मसाला छताला लावत आणि तो त्यांच्या चष्म्यावर पडे. पुसून पुन्हा लावत. केसांत, कॉलरमध्ये, सगळीकडे सिमेंट. मी म्हटलं, सोमवारी गवंडी येतोय.

"चार वाजता भेटायची वेळ आहे," ते म्हणाले. "रोज विचारते, आपल्या बिल्डिंगचं काय. मला सांगावं लागतं."

मी घमेलं उचलून त्यांच्या हाताशी धरलं. दुसरं काय करणार? एक-दोनदा पडलं, मग मसाला थोडा आवळला आणि धरू लागला. शेवटी छताला एक वाकडंतिकडं, टेंगळं आलेलं ठिगळ बसलं. माझी सवय, काम झालं की तपासून बघायचं. ते उतरल्यावर मी स्टुलावर चढले आणि बोटाचं पेर वर नेलं.

त्यांनी माझं मनगट पकडलं. इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांनी मला कधी हात लावला नव्हता.

"ठोकू नका," ते म्हणाले. मग हात सोडून, खाली बघत, "यादीत राहू दे हे."

"राहील," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा धुतला, शर्ट बदलला आणि डबा घेऊन ते गेले. सोमवारी आलेल्या गवंड्याला मी परत पाठवलं.

ते ठिगळ अजून आहे. चांगलं रंगवलेल्या छतात ते वेडंवाकडं दिसतं. नवीन आलेली माणसं त्याबद्दल तक्रार करतात आणि मी ती कार्यक्रमपत्रिकेत शेवटी टाकते. पंपाचा पाया आहे. कठडा आहे. माझा माठ आहे. कारखान्यात आजपर्यंत एकही व्हील फुटलेलं नाही.

वहिनी दिवाळीच्या आधी गेल्या.

नाईकांचं बेसिनही अजून आहे. सकाळी ते खाकरले की समोरचं दार आतून लागल्याचा आवाज येतो.